पुरेसे म्हणजे किती?

गेल्या दिवाळीच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी आपल्या संस्थेचे एक तरुण सभासद बसले होते. वय पस्तिशीच्या आसपास, एम.डी. होऊन चार-पाच वर्षे झालेली, दवाखान्यासाठी जागा नुकतीच कर्ज काढून घेतलेली. श्रीखंड वाढले जात असताना त्यांनी हळूच विचारले, "सर, आपल्या व्यवसायात थांबायचं कधी, हे आधीपासून ठरवता येतं का हो?" मी हसून म्हणालो, "अहो, डॉक्टर थांबत नसतो, त्याला थांबवावं लागतं." पंगतीत हशा पिकला आणि विषय तेथेच संपला. घरी परतताना पत्नी म्हणाली, "त्यानं मनापासून विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत." स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा बालदम्यावर लिहिण्याचा विचार बाजूला ठेवला. पंगतीत द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

माझे वडील राज्य शासनाच्या एका कार्यालयात कारकून होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ व एक भिंतीवरचे घड्याळ घेऊन ते घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दिनक्रम बदलला. सकाळी रामबागेपर्यंत फेरी, दुपारी वाचनालय, संध्याकाळी नातवंडे. पगार बेताचा होता, पण थांबण्याची तारीख सरकारने ठरविली होती व थांबल्यानंतरच्या भाकरीची सोयही सरकारने केली होती. त्यांना या विषयावर कधी विचार करावाच लागला नाही.

आपले तसे नाही. एम.बी.बी.एस., आंतरवासिता, पदव्युत्तर शिक्षण आणि वर्षा-दोन वर्षांची नोकरी संपेतो तिशी उलटते. मग दवाखान्याचे कर्ज, यंत्रसामग्रीचे कर्ज, घराचे कर्ज. पहिली मोकळी कमाई हाती लागते तेव्हा केस पांढरे होऊ लागलेले असतात. खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. ज्या समाजात 'डॉक्टर' म्हणजे सुबत्ता असे समजले जाते, त्याच समाजात वृद्धापकाळाची सर्वांत कमी आखणी केलेला वर्ग आपलाच असावा, असे मला पुष्कळदा वाटते. रुग्णांना पंधरा वर्षांचे लसीकरणाचे वेळापत्रक तोंडपाठ सांगणारे आपण, स्वतःच्या पुढल्या पंधरा वर्षांचे वेळापत्रक मात्र कोठेही लिहून ठेवीत नाही.

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे, तर एक कबुली देतो. १९९९ साली मी बारा खाटांचे बालरुग्णालय सुरू केले. त्या काळी गॅस्ट्रो, न्यूमोनिया, विषमज्वर यांनी खाटा सदैव भरलेल्या असत. रात्री दोन-तीनदा उठणे हा नियम होता. मुलगी शाळेत घालण्याच्या वेळी शाळेने लसीकरणाचे कार्ड मागितले. पत्नीने कपाटातून ते काढले, तेव्हा पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरची चौकट रिकामी होती. शहरातील हजारो मुलांच्या कार्डांवर ज्याने सही केली, त्याच्या स्वतःच्या मुलीचा बूस्टर आठ महिने लांबला होता. पत्नी काही बोलली नाही. तिने मुलीला रीतसर माझ्या बाह्यरुग्ण विभागात आणले, क्रमांक लावला आणि रांगेत बसून राहिली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

दुसरी आठवण अनंत चतुर्दशीची. इंदूरकरांना या रात्रीच्या झांक्यांचे महत्त्व सांगावयास नको. "या वर्षी नक्की" असे आश्वासन मी मुलीला सलग चार वर्षे दिले. एका वर्षी तर जेल रोडपर्यंत पोहोचलोही होतो, तोच रुग्णालयातून फोन आला आणि तिला मामाच्या स्वाधीन करून परत फिरलो. त्या रात्रीचे बाळ वाचले, याचे समाधान आजही आहे. परंतु अशा प्रत्येक रात्री बाळ वाचविण्यासाठीच मी गेलो होतो, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुष्कळ रात्री मी हप्त्यासाठी गेलो. हा फरक करावयास मला पंधरा वर्षे लागली.

येथे पत्नीविषयी लिहिणे भाग आहे, कारण आमच्या घरात लवकर निवृत्ती जिने खरोखर घेतली ती व्यक्ती तीच. ती राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होती. रुग्णालय सुरू झाल्यावर दोन वर्षांतच स्वागतकक्ष, हिशेब, औषधांची मागणी, सिस्टरांच्या पाळ्या हे सारे कोणी पाहावयाचे, असा प्रश्न उभा राहिला आणि तिने नोकरीचा राजीनामा दिला. "दिला" असे मी सहज लिहून गेलो. वस्तुतः तिला कोणी विचारलेच नाही, सर्वांनी ते गृहीत धरले. तिच्याबरोबर नोकरीस लागलेल्या मैत्रिणी आज १९९५ च्या नियमांनुसार मिळणारे बँकेचे निवृत्तिवेतन घेत आहेत. आमच्या रुग्णालयात तिने वीस वर्षे काम केले, पण तिच्या नावे ना पगार होता, ना निधी. आपल्या किती सभासदांच्या घरी हीच कथा आहे, ते ज्याचे त्याने पाहावे. ज्या स्त्री-डॉक्टर आहेत त्यांच्याकडे तर दवाखाना आणि घर या दोन पाळ्या असतात. त्यांच्या थांबण्याचा विचार घरातील कोणीच करीत नाही.

२०१३ साली रुग्णालयाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. आता थोडी उसंत घ्यावी असा विचार येण्याऐवजी माझ्या मनात आले, की दुसरा मजला चढवावा, नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग वाढवावा. नकाशा तयार झाला. बँक कर्ज द्यावयास तयारच होती. कागदपत्रांवर सही घेण्यासाठी सनदी लेखापालांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सहज विचारले, "डॉक्टरसाहेब, हे कोणासाठी?" मुलीने तोवर वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला होता. ती रुग्णालय चालविणार नव्हती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. मी उत्तरलो, "असंच, वाढायला नको का?" ते म्हणाले, "वाढतं वय की वाढता मजला, एकदा ठरवा." मग त्यांनी माझ्याच वह्या माझ्यासमोर उघडल्या. आंतररुग्ण विभागाच्या जमेतून सिस्टर व आयांचे पगार, वीज, प्राणवायू, दुरुस्ती, जैववैद्यकीय कचऱ्याची फी हे सारे वजा जाता घरखर्चाला व बचतीला मिळून जे उरत होते, त्यापैकी जेमतेम पाव हिस्सा त्या बारा खाटांमधून येत होता. तीन हिस्से दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागातून येत. झोप, काळजी, भांडणे आणि रक्तदाब यांचा हिशेब त्या वहीत नव्हता, पण तो मांडला असता तर प्रमाण नेमके उलट निघाले असते.

दुसऱ्या मजल्याचा नकाशा अजूनही माझ्या कपाटात आहे.

त्याच सुमारास आमच्याच वयाचे एक सर्जन मित्र चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मागे सुसज्ज रुग्णालय, दोन कर्जे आणि शिकणारी मुले. त्यांच्या पत्नीला मदत करण्यासाठी आम्ही काही जण जात असू. लक्षावधी रुपयांची यंत्रे घ्यावयास कोणी तयार होईना. जी विकली गेली ती भंगाराच्या जवळपासच्या भावाने. 'नावलौकिक' नावाची जी मोठी मालमत्ता आपण मनात धरून चालतो, ती डॉक्टरबरोबरच चितेवर जाते, हे तेथे डोळ्यांनी पाहिले. रुग्णालयाची इमारत म्हणजे वृद्धापकाळाची ठेव, हा आपल्यातील सर्वांत मोठा गैरसमज आहे. ती ठेव हवी तेव्हा मोडता येत नाही, तिचे तुकडे करता येत नाहीत आणि डॉक्टर आजारी पडताच ती व्याज देणे बंद करते.

बालरोगतज्ज्ञांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशाचा एकूण प्रजनन दर २.० वर आला असून शहरी भागात तो १.६ आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०११ पासून पेंटाव्हॅलंट, २०१६ पासून रोटाव्हायरस व २०१७ पासून न्यूमोकोकल लस टप्प्याटप्प्याने आली. ज्या जुलाबांनी आणि न्यूमोनियाने माझ्या खाटा भरत, तेच आता कमी होत आहेत. हीच तर आपली इच्छा होती. आपल्या शास्त्राचे यश आपल्या खाटा रिकाम्या करीत आहे, याचा आनंद मानावा आणि त्या खाटांवर पुढल्या वीस वर्षांचे कर्ज काढू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. थांबण्यासाठी पुरेसे म्हणजे किती? मी अर्थतज्ज्ञ नाही. परंतु औषधाची मात्रा वजनावर काढण्याची सवय असलेल्या माणसाला एवढे गणित जमावे. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ साली असे मांडले, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवीत नेली, तर पुंजी तीस वर्षे पुरते. म्हणजे वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी. हे गणित तेथील बाजाराच्या आकड्यांवर बेतलेले आहे. आपल्याकडील महागाई पाहता व लवकर थांबावयाचे असल्यास तेहतीस पट धरणे मला शहाणपणाचे वाटते. महिना १ लाख रुपये खर्च असणाऱ्या कुटुंबाला आजच्या भावाने ३ ते ४ कोटी रुपये लागतील. त्यात राहते घर धरावयाचे नाही. आणि महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज पंचेचाळीस वर्षांच्या असलेल्या डॉक्टरला सत्तावन्नाव्या वर्षी पूर्णपणे थांबावयाचे असेल, तर हाच आकडा ६ ते ८ कोटींवर जातो.

हा आकडा ऐकून बहुतेकांची छाती दडपते आणि ते दोहोंपैकी एक करतात. काही जण तो विषयच सोडून देतात, तर काही जण तो आकडा गाठण्यासाठी आणखी दोन रुग्णालयांच्या भेटी स्वीकारतात. माझे म्हणणे असे, की पूर्णविरामाची किंमत मोठी आहे हे खरे, पण आपल्याला एकदम पूर्णविराम कोठे हवा आहे? आपल्याला हवी असते रात्रीची झोप, रविवारची दुपार, आजारी आईच्या उशाशी बसण्याची मोकळीक. रुग्ण तपासण्याचा कंटाळा फार थोड्यांना येतो. दिवसाच्या कामातून घरखर्च भागत असेल, तर रात्री सोडण्यासाठी ८ कोटींची गरज नाही. रात्रीमुळे येणारा जो पाव हिस्सा, तेवढ्यापुरती बचत कमी करण्याची तयारी हवी, आणि कर्ज नको. म्हणजेच निवृत्ती जिन्याप्रमाणे एकेक पायरीने उतरता येते आणि पहिली पायरी आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अलीकडे असते.

मी ती पहिली पायरी २०१७ साली उतरलो. दोन तरुण सहकाऱ्यांशी बोलून रात्री दहानंतरचे रुग्ण त्यांच्याकडे सोपविले, त्यांचे दूरध्वनी क्रमांक माझ्या चिठ्ठीवर छापले व प्रत्येक पालकाला ते समजावून सांगितले. हे वाटते तितके सुखाचे नव्हते. ज्या कुटुंबातील वडिलांनाही मी लहानपणी तपासले होते, असे एक कुटुंब "आता डॉक्टरांना गरज राहिली नाही" असे म्हणून दुसरीकडे गेले. ते मनाला लागले. पहिले कित्येक महिने रात्री अडीचला जाग येई आणि फोन का वाजला नाही याची काळजी वाटे. करोनाच्या लाटा ओसरल्यावर २०२२ साली खाटाही बंद केल्या. सिस्टरांना व आयांना त्यांचे देणे देऊन, शक्य तेथे दुसरीकडे नोकरी मिळवून देऊन. आज मी सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास बसतो. उत्पन्न घटले आहे, पण घरखर्च भागतो. साठीनंतर संध्याकाळ सोडावयाची, हे आम्ही दोघांनी मिळून ठरविले आहे व कागदावर लिहिलेही आहे.

या जिन्यावरून उतरताना ज्या चुका मी केल्या, त्या तरुणांनी करू नयेत म्हणून थोडे व्यावहारिक सांगतो. भविष्य निर्वाह निधी आपल्याला कोणी देणार नाही, तो आपणच आपल्याला द्यावयाचा आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी १९६८ पासून आहे, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ च्या मे महिन्यापासून सर्व नागरिकांना खुली आहे. पहिल्या कमाईपासून दरमहा ठरावीक रक्कम, थोडी समभागांच्या निधीत, थोडी सुरक्षित ठेवीत, बाजूला काढावी. जोडीदार दवाखान्यात काम करीत असेल तर त्याला रीतसर पगार द्यावा आणि त्याच्या नावे स्वतंत्र खाते असावे. शुद्ध मुदतीचा विमा व आरोग्य विमा निरोगी असतानाच घ्यावा. दवाखाना बंद केला तरी व्यावसायिक दायित्वाचा विमा लगेच बंद करू नये. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु दावा येईल त्या दिवशी विमा चालू असावा लागतो, ही अट पुष्कळांच्या ध्यानात नसते. आपले रुग्ण तर अज्ञान असतात. मुदतीचा कायदा त्यांना सज्ञान झाल्यावरही दाद मागण्याची मुभा देतो, तेव्हा त्यांचे कागद तोवर जपावेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की वैद्यकी हे व्रत आहे आणि व्रताला निवृत्ती नसते. या आक्षेपाचा मी आदर करतो. लोकमान्य नगरातील एक ज्येष्ठ डॉक्टर ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत एका खोलीत नाममात्र फी घेऊन रुग्ण तपासत होते. आम्हा सर्वांना त्यांचा आदर्श सांगितला जाई. पण त्यांच्या मुलाकडून पुढे कळले, की त्यांनी साठीलाच रात्रीच्या भेटी बंद केल्या होत्या, घरावर कर्ज नव्हते आणि दुपारी दोन तास दार लावून ते नाट्यगीते ऐकत. गरज संपवून ठेवली होती, म्हणूनच व्रत शेवटपर्यंत चालले. गरजेपोटी सत्तराव्या वर्षी रात्री उठणाऱ्या डॉक्टरच्या हातून सेवेपेक्षा चुका होण्याचा संभव अधिक, हे आपण सहकाऱ्यांशी खासगीत बोलतोच.

प्रश्न वैयक्तिक असला तरी त्याचे उत्तर एकट्याने निघत नाही. रात्र सोडावयाची तर ती घेणारा कोणी हवा. म्हणून आपल्या संस्थेला माझी एक विनंती आहे. एकेका विषयाच्या सभासदांनी पाच-सहा जणांचे गट करून रात्रपाळी वाटून घ्यावी, त्याचे लेखी नियम असावेत व मोबदला रात्र सांभाळणाऱ्यालाच मिळावा. तरुणाला काम मिळेल, ज्येष्ठाला झोप मिळेल आणि रुग्णाला रात्री जागा असलेला डॉक्टर मिळेल. दुसरे असे, की वर्षातून एक सभा या विषयावर घ्यावी आणि तिला जोडीदारांना आवर्जून बोलवावे. क्लिनिकल व्याख्यानांना आपण त्यांना फक्त भोजनाच्या वेळी बोलावतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत गिरणी कामगारांची मुले पुष्कळ येत. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि त्या कामगारांची देणी मिळण्याचा प्रसंग २०२३ च्या डिसेंबरात आला. मधल्या बत्तीस वर्षांत किती तरी जण निघून गेले. त्या बिचाऱ्यांच्या हातात काहीच नव्हते. आपल्या हातात पुष्कळ काही आहे आणि तरीही आपण आपल्या वाट्याच्या वर्षांची थकबाकी स्वतःकडेच तुंबवून ठेवतो, हे त्यांच्यापुढे शोभत नाही.

तेव्हा माझ्या तरुण मित्राला उशिरा का होईना, उत्तर देतो. होय, थांबायचे कधी ते ठरवता येते. मात्र पहिले कर्ज घेण्याच्या आधी ठरवावे. एक कागद घ्यावा, पत्नीला शेजारी बसवावे आणि दोन आकडे लिहावेत: घराला महिना किती लागते, आणि कोणत्या वर्षी रात्रीचा फोन दुसऱ्याकडे जाईल. पहिला आकडा फुगू लागला की दुसरा लांबतो, एवढे रोज दिसत राहिले तरी पुरे. आणि कपाटातील लसीकरणाचे कार्ड जरा पाहून घ्यावे. एखादी चौकट रिकामी असेल तर उद्याच भरावी.